म्युनिकला जाताना विरहाची गाणी न्यावीत का?

तुमचा प्रश्न असा : ऑक्टोबरात ठाण्याच्या नौपाड्यातून म्युनिकला एकट्याने जायचंय, तर विरहाची गाणी जवळ ठेवावीत की टाळावीत, आणि पेटी (हार्मोनियम) न्यावी का?

गाणी जरूर न्या. हेडफोन लावून एकट्याने ऐकत बसायची सवय मात्र लावून घेऊ नका. आपल्या विरहगीतांतली बाई सहसा एकटी नसतेच. जात्यावरची ओवी घ्या. सासुरवाशीण माहेरासाठी झुरते, पण त्याच खुंट्यावर समोरून दुसरीचाही हात असतो. एकीने ओवी उचलली की दुसरी साथ देते. ज्ञानेश्वरांची विरहिणी 'पैल तो गे काऊ कोकताहे' म्हणते, ते 'गे माये' अशी हाक घालत. ऐकणारं कुणीतरी आहे हे धरूनच ही गाणी रचलेली आहेत. ते माणूस काढून टाकलं की नुसती हुरहुर उरते, आणि मग तेच गाणं रात्री दोनपर्यंत पुन्हा पुन्हा लावलं जातं.

ठाण्यात गाणं शोधावं लागत नाही. शेजारी रेडिओवर अस्मिता वाहिनी लागलेली असते, दिवाळी पहाटेला राम मारुती रोड गच्च भरतो. तिकडे त्यासाठी वेळ राखून ठेवावी लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. रविवारची ती वेळ फार खायला उठते. ठाण्यात तेव्हा रात्रीचे नऊ, घरचे जेवून मोकळे. तीच वेळ घरच्यांबरोबर कॉलवर गाण्यासाठी पक्की करा.

कॉलवर एकत्र गायला जाऊ नका. आवाज उशिरा पोचतो, ताल सुटतो आणि दोन्हीकडे चिडचिड होते. आळीपाळीने गा. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर तानपुऱ्याचा अखंड सूर गोंगाट समजून कापला जातो आणि पेटीही तुटक ऐकू येते. इअरफोन दोन्हीकडे हवेत, नाहीतर आवाज घुमतो.

पेटी पहिल्या फेरीत नको. 23 किलोंच्या बॅगेत ती खोक्यासकट निम्मं वजन खाते. शिवाय हिवाळ्यात हीटरने खोलीची हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि सांध्यांतून हवा गळायला लागते. पहिला हिवाळा तानपुऱ्याच्या ॲपवर काढा. पुढे नेलीच, तर हीटरपासून लांब ठेवा. रात्री दहानंतर गाणं-वाजवणं बंद. काही इमारतींच्या नियमांत दुपारची शांतताही असते, ते भाडेकराराबरोबरच वाचून घ्या.

म्युनिकमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीची वाट न बघता पोचल्यापोचल्या संपर्क करा. पण तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या जर्मन कॉयरमध्येही (समूहगायनाच्या गटात) नाव घाला, भाषा कच्ची असली तरी. तालीम बहुधा दर आठवड्याला असते, त्याच ओळी पुन्हा पुन्हा म्हटल्याने उच्चार बसतात, आणि एखाद्या वेळी गेला नाहीत तर का आला नाहीत म्हणून विचारणारं कुणीतरी मिळतं. प्रवेशाआधी आवाजाची चाचणी घेतात का, स्वरलिपी वाचता यावी लागते का, हे ईमेलवर विचारून घ्या. बऱ्याच हौशी कॉयरमध्ये दोन्ही लागत नाही.