गुरुजींनी नाही म्हटलं, आता लग्न कोण लावणार?

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा बौद्ध घरातला. आमच्याकडची सगळी कार्यं वर्षानुवर्षं एकच गुरुजी करतात. त्यांनी फोनवर तारीख लिहून घेतली, मग विचारलं, "मुलाकडचे कोण?" सांगितल्यावर दोन दिवसांनी निरोप आला, "त्या दिवशी दुसरं कार्य आहे." पुढच्याच आठवड्यात त्यांनी नणंदेच्या शेजाऱ्यांना तीच तारीख दिली. गुरुजींशिवाय लग्न कायदेशीर होतं का? आणि मिस्टर गेल्यामुळे कन्यादान मी केलं तर चालेल का?
एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गुरुजींचं नंतर बोलू. आधी कायदा, कारण तो तुमच्या बाजूचा आहे.

1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 7 प्रमाणे वर किंवा वधू, कोणा एकाकडच्या रूढीचे विधी झाले की लग्न झालं. पुरोहित हवाच, अशी अट त्यात नाही. तुमच्या पद्धतीने लावलंत तर सातवं पाऊल पडलं की झालं. मुलाकडच्या पद्धतीने पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील घेऊन लावलंत, तर तेही तितकंच पक्कं. विधी टाळून नुसती नोंदणी मात्र या कायद्यात चालत नाही. तसं करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, पण त्यात आधी 30 दिवसांची नोटीस लागते. आणि ब्राह्मणाविना लग्न ही काही नवी टूम नाही. सत्यशोधक समाजाने 1873 पासून ती लावली आहेत.

आता गुरुजी. एखाद्याला एखादं कार्य करायचं नसेल तर बळजबरी नाही. पण "तारीख नाही" हे खोटं होतं, आणि मला राग येतो तो त्याचाच. तोंडावर कारण सांगितलं असतं तर निदान तुम्हाला भांडता आलं असतं. अस्पृश्यतेच्या भावनेतून सेवा नाकारणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फोनवरचा तो प्रश्न तुमच्या लक्षात आहे, तो लिहून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाही. पौरोहित्य शिकून तिसरंच वर्ष होतं. ऐकू न येणाऱ्या एका जोडप्याची बहीण आली. मंत्र त्यांच्यापर्यंत कसे पोचवू या भीतीने मीही म्हटलं, "तारीख नाही." वही समोर उघडी होती, पान कोरं. ती बहीण त्या पानाकडे बघत होती. आता मी पहिल्याच फोनवर दक्षिणा सांगते, वधू-वरांच्या जन्मतारखेचा दाखला मागते (18 आणि 21 पूर्ण नसतील तर लग्न लावणाराही तुरुंगात जातो) आणि जात विचारत नाही. विधींसाठी गोत्र लागलं आणि ते माहीत नसलं, तर कश्यप म्हणायची जुनी सोय आहेच.

नव्या गुरुजींना मात्र नोंदणीच्या अर्जावर सही करणार ना, हे आधीच विचारा. ऐनवेळी सहीसाठी मागे धावलेले बाप मी पाहिलेत.

कन्यादान तुम्हीच करा. एकट्या आईने पाणी सोडलेली लग्नं मी लावली आहेत. कोणी मामा-काका पुढे सरसावलाच, तर त्याला अक्षता वाटायला बसवा. आणि झारी लहान घ्या. त्या क्षणी हात थरथरतो, मोठी पेलत नाही.