खताच्या डब्यातल्या अळ्या, शेवळांची खाज आणि न लागणारं दही

जून लागला की बहुतेक प्रश्न फिरून दमट हवेपाशी येतात. कोरड्या हवेच्या गावातली कृती मुंबईत जशीच्या तशी चालत नाही, हे या वेळच्या पहिल्या आणि शेवटच्या उत्तरांत दिसतं.

प्रश्न : बाल्कनीत भोकं पाडलेल्या 20 लिटरच्या बादलीत ओल्या कचऱ्याचं खत करतो. मेपर्यंत छान चाललं. आता आंबूस वास येतो, अळ्या झाल्यात. घरचे म्हणतात, बंद करा. (बोरिवली)

बंद कशाला? कोरडा माल दुप्पट करा. उन्हाळ्यात वाटीभर सालीदेठांवर वाटीभर सुका पाला पुरतो, कारण जादा पाणी भोकांतून उडून जातं. जुलैत हवाच ओली, त्यामुळे ते आतच राहतं. शिवाय बाल्कनीत उघड्या पोत्यातला पाला स्वतःच सादळतो, तो टाकून काही होत नाही. तेव्हा पावसाळ्यात एकाला दोन हे माप, आणि पाला घट्ट झाकणाच्या डब्यात.

वास नीट ओळखा. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाही. सगळं घमेल्यात उलथा, हाताने मोकळं करा, बादलीच्या तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या पसरा आणि परत भरा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त, कोरडं कमी पडलंय. तिथे पाला वाढवला की भागतं. मूठभर खत घट्ट पिळून पाहा. एखाददोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घाला. ते विटेतून कोरडंच खरवडून घालायचं. कुंडीसाठी भिजवून फुगवतात तसं भिजवून घातलं की ओलावा आणखी वाढतो. इथेच पुष्कळ जण फसतात.

आता अळ्या. जाड, चपट्या, करड्या-तपकिरी असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. माणसाला काही करत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. लहान असताना त्याही फिकट दिसतात, म्हणून नुसत्या रंगावरून निकाल लावू नका. बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर माशांना कचरा उघडा मिळालाय. रोजच्या कचऱ्यावर दोन बोटं कोरडा थर द्या आणि तोंडाला जुनं सुती कापड बांधून वर झाकण ठेवा.

पाला साठवायचे दिवस जानेवारी-फेब्रुवारीचे, बदामाची झाडं पानं गाळतात तेव्हा. पानं जाड असतात, चुरूनच ठेवा. यंदा फाडलेल्या वर्तमानपत्रावर किंवा सुताराकडच्या भुशावर भागवा. प्लायवूडचा भुसा मात्र नको, त्यात रासायनिक डिंक असतो.

प्रश्न : दादरला स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी मिळाली. भाजी केली आणि सगळ्यांचा घसा खवखवला. चूक कुठे झाली? (माटुंगा)

काकडं घेतली नसणार. शेवळांच्या जुडीबरोबर विकणाऱ्या बाया लहान, हिरवी, आंबट फळं देतात, ती काकडं. शोभेची नव्हेत, भाजी खाण्याजोगी होते ती त्यांच्यामुळे. सुरण, अळू, शेवळं ही एकाच कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. नुसतं उकळून ते जात नाहीत, आंबटात शिजवल्यावर खाज मोडते. अळूच्या फतफत्यात चिंच असते ती याचसाठी.

हाताला तेल लावून वरचं आवरण सोला. आतला पिवळा भाग सर्वांत खाजरा, तो काढून टाका. उरलेलं बारीक चिरून सढळ तेलात रंग बदलेपर्यंत परता. पाव किलोच्या जुडीला दहा-बारा काकडं ठेचून वाटीभर पाण्यात कोळा, गाळा आणि तो रस घालून झाकण ठेवून शिजवा. काकडं न मिळाल्यास लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. बऱ्याच घरांत यात कोळंबी पडते. तिच्याऐवजी मोड आणून सोललेले वाल घाला, काही कमी पडत नाही. शेवटी थोडी चाखून पाच मिनिटं थांबा. जीभ चुरचुरली तर आणखी रस घालून पुन्हा शिजवा.

शेवळं हा फुलाचा कोंब आहे. सगळे खुडले तर बी धरायला काही उरत नाही. हंगामात एक-दोनदा आणावीत, फ्रीज भरून नव्हे. आणि टाकळा, कुरडू, फोडशी ओळखीच्या विकणारीकडूनच घ्या. रुळांच्या कडेला उगवलेलं दिसलं म्हणून खुडून आणू नका.

प्रश्न : दूध सोडलं, पण शेंगदाण्याचं दही कधी लागतच नाही, कधी खाली पाणी नि वर चोथा. (मुलुंड)

वाटीभर शेंगदाणे आठ तास भिजवा, सालं काढा, अडीच वाट्या पाण्यात अगदी गुळगुळीत वाटा आणि पंचातून पिळून गाळा. मग मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं उकळा. ही उकळायची पायरी वगळली की कच्चट वास राहतो आणि पाणी सुटतं. बोट सोसवेल इतपत कोमट झालं की विरजण. पहिल्यांदा हिरव्या मिरच्यांची सहा-सात देठं धुऊन बुडवा, पुढच्या वेळी याच दह्याचा मोठा चमचा. देठांचं पहिलं दही सैल लागतं, ते फेकू नका, दुसरं नीट येतं. मेमध्ये सहा-सात तास पुरे, नंतर आंबतं. डिसेंबर-जानेवारीत भांडं कॅसरोलमध्ये ठेवा आणि दहा-बारा तास धीर धरा.

तरीही गाईम्हशीच्या दुधासारखी कवडी पडणार नाही. घट्टपणा देणारं केसीन हे दुधातलं प्रथिन शेंगदाण्यात नसतं. कढी-ताकाला हे उत्तम, फक्त कढी करताना बेसन गार असतानाच कालवा, नाहीतर फाटते. आणि भाताबरोबर आंबट काही हवं एवढंच असेल तर सोलकढी आहेच की! नारळाचं दूध आणि आमसुलं, गरम करायची भानगड नाही.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला दूध-अंडं देत नाही. सासूबाई म्हणतात, इडली-डोशाच्या आंबवण्यातून बी-12 जीवनसत्त्व मिळतं. खरं का? (ठाणे)

नाही. आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना, मशरूम, यांतल्या कशावरही बी-12 साठी भिस्त ठेवता येत नाही. गोळी, थेंब किंवा बी-12 घातलेले पदार्थच लागतात. मात्रा बालरोगतज्ज्ञांनी ठरवायची आणि अधूनमधून रक्त तपासायचं. लक्षणांची वाट पाहू नका. डाळी-पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर मिळत असेल तर बी-12 कमी पडल्याने होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. कॅल्शियमला नाचणी चांगली, 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा. घरात जेवणाबरोबर चहा असेल तर तो तासभर पुढे ढकला.

सासूबाईंचा डोसा मात्र चालू ठेवा. मोड आलेले मूग त्याच पिठात वाटून घातले तर मुलीच्या ताटात डाळही वाढते. पावसाळ्यात मोड चिकट होऊन वास मारतात, म्हणून कापडात गच्च बांधू नका. चाळणीत पसरा, वर ओलसर फडकं टाका आणि सकाळ-संध्याकाळ धुऊन निथळा.