आमच्या मसाल्याचे नाव दुसऱ्याच्या डोमेनवर

प्रश्न : आमचे कुटुंब धरणगाव येथे काळा मसाला तयार करते आणि त्याच्या नावाचा ट्रेडमार्क आम्ही 2016 साली नोंदवला आहे. आता कोणीतरी आमच्या नावापुढे ‘ओरिजिनल’ हा शब्द जोडून डॉट कॉम डोमेन (संकेतस्थळाचे नाव) घेतले आहे. आमच्याच गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे छायाचित्र लावून तो मसाला विकतो. ग्राहक आगाऊ पैसे भरतात आणि निकृष्ट माल हाती पडला की फोन आम्हाला करतात. हे डोमेन आम्हाला मिळू शकेल काय?
– एक वाचक, धरणगाव (जि. जळगाव)

उत्तर : मिळू शकेल, आणि त्यासाठी दिवाणी दावाच लावला पाहिजे असे नाही. डॉट कॉम नावांच्या वादांसाठी आयकॅन या, इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने 1999 साली ‘यूडीआरपी’ ही पद्धत लागू केली असून, जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे (वायपो) त्याखाली ऑनलाइन तक्रार करता येते. तेथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी फसगत होण्याइतके मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले व वापरलेही आहे. ‘ओरिजिनल’ हा शब्द जोडल्याने त्याचा बचाव होत नाही, उलट ग्राहकाची दिशाभूल वाढते.

खरी कसोटी दुसऱ्या मुद्द्याची असते. तुमचाच अस्सल माल विकणारा, फक्त तोच विकणारा आणि ‘आम्ही उत्पादक नाही’ असे पानावर ठळक सांगणारा विक्रेता असेल, तर अधिकृत नसतानाही त्याचे डोमेन टिकू शकते. वायपोच्या 2001 मधील ‘ओकी डेटा’ निर्णयापासून हा निकष चालत आला आहे. म्हणून हा माणूस तुमचा जुना वितरक तर नाही ना, हे आधी तपासावे. तसेच तुमच्या नावात ‘खान्देशी’ किंवा ‘काळा मसाला’ असे शब्द असतील, तर त्यांवर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही. तक्रारीचा भर तुमच्या खास नावावरच हवा.

संताप येणे स्वाभाविक आहे, तरीही त्याला फोन करू नये आणि नोटीसही घाईने धाडू नये, कारण सुगावा लागताच अशी पाने नाहीशी होतात आणि डोमेन दुसऱ्याच्या नावावर जाते. तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीला, ते गोठवावे लागते. त्याआधी संपूर्ण पानांची दिनांकासह छायाचित्रे घ्या, एक मागणी नोंदवून आलेले पाकीट पावतीसह न फोडता ठेवा आणि ग्राहकांचे संदेश जपा. मिरच्यांच्या छायाचित्राची मूळ फाईल तुमच्या मोबाईलमध्ये तारखेसह असेल, तर तो फार मोलाचा पुरावा आहे. ट्रेडमार्कची नोंदणी ही अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षेच चालते, तेव्हा नूतनीकरणाचेही आजच पाहावे.

तक्रारीचा निकाल देणाऱ्या एका सदस्याच्या मंडळासाठी, पाच डोमेनपर्यंत, वायपोचे शुल्क 1500 अमेरिकी डॉलर आहे. घरगुती उद्योगाला ही रक्कम जड आहे, हे मी जाणतो. डोमेन डॉट इन असते तर तक्रार निक्सी या, डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या ‘आयएनडीआरपी’ पद्धतीने लवादापुढे गेली असती आणि तेथे वाईट हेतूने केलेली नोंदणी किंवा वापर, यांपैकी एकच सिद्ध करणे पुरले असते.

यूडीआरपीमध्ये डोमेन हस्तांतरित किंवा रद्द होते. नुकसानभरपाई मिळत नाही. ती हवी असल्यास ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 प्रमाणे तुम्ही जेथे व्यवसाय करता तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे जळगावलाच, दावा लावता येतो आणि तातडीचा मनाई हुकूमही मागता येतो. डोमेन नावालाही ट्रेडमार्कप्रमाणे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केले आहे. ज्या ग्राहकांचे पैसे गेले त्यांना मात्र 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवण्यास सांगा.