स्प्रिंट संपतो, काम संपत नाही

या महिन्याच्या टपालात सॉफ्टवेअरवाल्यांची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. थोड्याफार फरकाने सगळ्यांचं म्हणणं एकच आहे: कंपनीत अ‍ॅजाईल (काम 'स्प्रिंट' नावाच्या छोट्या ठरावीक मुदतींत तुकड्यातुकड्याने संपवून दाखवण्याची पद्धत) आलं, मीटिंगा वाढल्या, काम मात्र होतं तिथेच. पाच पत्रं निवडली आहेत. नावं आणि कंपन्या गाळल्या आहेत.

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत नऊ जणांच्या टीमची लीड आहे. रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी बैठक, रात्री साडेआठला असतो, कारण क्लायंट न्यू जर्सीत आहे. नावाला पंधरा मिनिटं, चालतो पाऊण तास. जो तो मॅनेजरकडे बघून काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगतो, दुसऱ्याचं कोणी ऐकत नाही. लेकीला झोपवायच्या वेळी मी लॅपटॉपसमोर असते. हे बदलता येईल का?

उत्तर: येईल. तुमच्याकडे दोन वेगळ्या बैठका एकात कोंबल्या आहेत: टीमची स्वतःची, आणि क्लायंटला खबर देण्याची. पहिली सकाळी साडेदहाला, आपसांत, ज्या भाषेत तुम्ही एरवी बोलता त्या भाषेत घ्या. स्क्रम गाइड, म्हणजे अ‍ॅजाईलच्या स्क्रम नावाच्या रीतीची नियमपुस्तिका, तिच्याप्रमाणे ही बैठक डेव्हलपरांची आहे, पंधरा मिनिटांची आहे, आणि दिवसाचं काम आखण्यासाठी आहे. 'काल काय, आज काय, अडचण काय' हे तीन प्रश्न तर 2020 च्या आवृत्तीतून काढूनही टाकले आहेत, पण आपल्याकडे अजून हजेरीसारखे विचारले जातात.

माणसामाणसाला विचारत फिरू नका, कामांच्या बोर्डावरून फिरा, जिथे प्रत्येक काम पुढे सरकत डावीकडून उजवीकडे जातं. तेही उजवीकडून. जे काम संपायला सगळ्यात जवळ आलंय त्यापासून सुरुवात करा आणि एवढंच विचारा: हे आज संपवायला काय लागेल? मग रिव्ह्यूसाठी तीन दिवस पडलेला कोड आपोआप बोलण्यात येतो, आणि तो बघायला कोण बसणार तेही तिथेच ठरतं. ज्यावर कोणी काम करत नाही त्याच्याबद्दल बोलायची गरज नाही. मॅनेजरला खबर हवी असेल तर बोर्ड उघडा आहेच.

क्लायंटशी बोलणं आठवड्यातून दोनदा पुरेल, बाकीचे दिवस संध्याकाळी चार ओळींची नोंद पाठवा. आणि वेळेबद्दल नीट, मोकळेपणाने बोला. मार्च ते नोव्हेंबर न्यू जर्सीचं घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा आपल्या संध्याकाळी साडेसहाला तिथे सकाळचे नऊ वाजतात. हिवाळ्यात नऊ वाजायला आपल्याकडे साडेसात होतात. साडेआठची वेळ कोणीतरी कधीतरी टाकली आणि ती तशीच राहिली, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. लेकीची वेळ हे कारण सांगायला अजिबात कचरू नका. ते खरं कारण आहे.

प्रश्न: मगरपट्ट्यात सीनियर डेव्हलपर आहे. आमचे डिलिव्हरी हेड दर महिन्याला आठ टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपवलेल्या कामांचे पॉइंट, एकाच चार्टवर दाखवतात. आम्ही 38 पॉइंटवर, शेजारची टीम 60 वर. 'तुम्ही मागे का?' अशी विचारणा होते. आता आमच्यातही तीन पॉइंटच्या स्टोरीला, म्हणजे कामाच्या तुकड्याला, पाच द्यायला लागले आहेत. मला पटत नाही, पण अप्रेझल तोंडावर आहे.

उत्तर: तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. हे उत्तर मी तुमच्या डिलिव्हरी हेडना उद्देशूनही लिहिते आहे, शक्य झालं तर त्यांच्या टेबलावर ठेवा.

स्टोरी पॉइंट हे कामाच्या आकाराचं, टीमने स्वतःपुरतं बांधलेलं माप आहे. पूर्वी प्रांताप्रांताची पायली निराळी असायची. दोन गावांच्या पायल्या मोजून धान्य कुठे जास्त पिकलं ते ठरवता येत नसे, तसंच हे. तुमचे 38 आणि त्यांचे 60 यांची तुलनाच होत नाही. चार्टवर शेजारी शेजारी खांब उभे केले की आकडे वाढतात, कारण आकडे वाढवणं टीमच्या हातात असतं आणि काम वाढवणं तितकंसं नसतं. यात कोणाची लबाडी नाही. माणूस ज्यावर तोलला जातो ते सांभाळतो.

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अ‍ॅजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्या सतरांतले रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलंय की स्टोरी पॉइंट कदाचित मीच काढले असतील, आणि तसं असेल तर आज मला त्याचा खेद वाटतो. जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांत प्रगती मोजण्याबद्दल एक तत्त्व आहे: प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. पॉइंटांचा त्यात उल्लेखही नाही.

मग हेडनी काय पाहावं? काम हाती घेतल्यापासून ते वापरणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत किती दिवस लागतात, ते. आणि दिलेल्या कामातून किती दोष परत येतात, ते. पहिला आकडा कमी करायचा मार्ग जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे. टीमच्या हातात 12 कामं असतील आणि आठवड्याला 3 संपत असतील, तर एकेका कामाला सरासरी चार आठवडे लागतात. माणसं तीच, संपवण्याचा वेग तोच, फक्त हातातली कामं 6 वर आणली की तेच काम दोन आठवड्यांत बाहेर पडतं. मला हा हिशेब फार आवडतो, कारण त्यात कोणाला जास्त राबवावं लागत नाही. एवढंच ठरवायचं की चालू काम संपल्याशिवाय नवं उचलायचं नाही. मॅनेजरना हे जड जातं, कारण मग कधीतरी एखादा डेव्हलपर मोकळा बसलेला दिसतो. त्याने मोकळं बसू नये, शेजाऱ्याचं अडलेलं काम सोडवायला जावं.

आणि इथेच तुमचं अप्रेझल आडवं येतं. रेटिंग एकट्याचं, त्यातही बेल कर्व्ह, म्हणजे वरची रेटिंग ठरावीक जणांनाच. शेजाऱ्याला मदत केली तर त्याचा आकडा वर जातो आणि माझा खाली, अशी रचना करून वर 'टीम स्पिरिट'ची पोस्टरं लावण्यात अर्थ नाही. रेटिंगचा मोठा हिस्सा टीमने मिळून काय पोचवलं यावर हवा. एचआरला हे सांगायची ताकद तुमच्याकडे नाही, हेडकडे आहे. तुम्ही तोवर एक करा: पुढच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे झाल्या कामाकडे मागे वळून बघण्याच्या बैठकीत, गेल्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक कामाच्या सुरू आणि शेवटच्या तारखा काढून मांडा. तारखा फुगवता येत नाहीत. पॉइंटांऐवजी हेडना तोच तक्ता दाखवा.

प्रश्न: कोल्हापुरात आमची छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे, गिऱ्हाईक मुख्यतः पतसंस्था. त्यांना कोटेशन आधी लागतं, रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, आणि सगळ्या कामांची यादीही सहीशिक्क्याने. अशात अ‍ॅजाईल कसं करायचं?

उत्तर: रक्कम ठरू द्या, तारीखही ठरू द्या. संचालक मंडळासमोर आणि ऑडिटरसमोर संस्थेला ते लागतंच. यादीचा क्रम मात्र मोकळा ठेवा, आणि करारात एक कलम घाला: ज्या कामाला अजून हात लागलेला नाही ते तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कामाने बदलता येईल, जादा पैसे न देता. स्क्रमच्या दोन जनकांपैकी जेफ सदरलँड हे कलम सुचवत आले आहेत.

हे किती उपयोगी पडतं ते मी पाहिलंय. मी ज्या टीमबरोबर होते तिला एका पतसंस्थेसाठी पिग्मीचं अ‍ॅप करायचं होतं. यादीत अहवाल, डॅशबोर्ड, व्याजाचे तक्ते, सगळं होतं. पहिल्या पंधरवड्यात आम्ही फक्त खातं शोधणं, रक्कम नोंदवणं आणि पावती छापणं एवढंच केलं आणि ते घेऊन एका पिग्मी एजंटबरोबर मंडईत फिरलो. आतल्या गाळ्यांत रेंजच नव्हती, अ‍ॅप तिथेच अडकलं. शिवाय एजंट खाते क्रमांकाने शोधतच नव्हते. ते गाळ्यांच्या ओळीने जात, त्यांना यादी आपल्या फेरीच्या क्रमाने हवी होती. सहीशिक्क्याच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. संस्थेच्या मॅनेजरांनी डॅशबोर्डचं काम गाळलं, त्या जागी रेंजशिवाय होणारी नोंद आणि फेरीचा क्रम घेतला. पैसे तेच राहिले, तारीखही तीच.

सगळं आधी लिहून घ्यायचं आणि टेस्टिंग शेवटी, ही आकृती विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखात आहे. त्याच लेखात त्यांनी लिहिलंय की असं करणं जोखमीचं आहे आणि अपयशाला बोलावणं आहे. लोकांनी आकृती उचलली, इशारा मागे राहिला. गिऱ्हाईक अडून बसलं तर हे सांगा.

आणखी दोन गोष्टी. पैशांचे हप्ते कागदपत्रांवर बांधू नका, चालणाऱ्या भागांवर बांधा. आणि संस्थेतला एक माणूस नावानिशी मागून घ्या, जो आठवड्यातून तासभर बसेल आणि 'हे आधी, ते नंतर' असं जागच्या जागी ठरवू शकेल. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणारा माणूस असेल, तर साहेबांनाच मागा.

प्रश्न: माझा मुलगा खराडीला नोकरीला आहे. दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपतो म्हणे, त्याआधी दोन-तीन रात्री तो जागाच असतो. जेवणही धड नाही. 'कमिटमेंट दिलीय' म्हणतो. हे असंच असतं का? मी साताऱ्याहून फोनवर काय बोलणार?

उत्तर: नाही, हे असंच नसतं, आणि तुमची काळजी रास्त आहे. हा पुढचा भाग त्याला वाचून दाखवा.

स्प्रिंटच्या सुरुवातीला टीम जी कामं निवडते तो अंदाज असतो. स्क्रम गाइडने 2011 मध्येच त्या यादीला 'कमिटमेंट' म्हणणं सोडून 'फोरकास्ट' म्हणायला सुरुवात केली. बांधिलकी असावी ती स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी, यादीतल्या प्रत्येक ओळीशी नव्हे. आणि बारा तत्त्वांतलं आठवं तत्त्व सांगतं की पैसे लावणारे, बनवणारे आणि वापरणारे या सगळ्यांना एकच वेग कायम टिकवता आला पाहिजे. दर पंधरा दिवसांनी जागरण हा टिकणारा वेग नाही.

रात्री बहुधा टेस्टिंगमुळे जागाव्या लागतात. कोड आठ दिवस लिहिला जातो, टेस्टरकडे शेवटच्या दोन दिवसांत एकदम येतो, आणि दोष तेव्हा सापडतात. कामाचे तुकडे दोन-तीन दिवसांत संपतील इतके लहान करावेत, टेस्टरला पहिल्या दिवशीच शेजारी बसवून 'हे झालं असं कधी म्हणायचं' ते उदाहरणांसकट लिहून घ्यावं, आणि रोज रात्री आपोआप चालणाऱ्या चाचण्या हळूहळू वाढवाव्यात. गेल्या तीन स्प्रिंटमध्ये जेवढं खरोखर संपलं, त्याच्या सरासरीइतकंच पुढच्या वेळी घ्यावं. हे बोलायला प्लॅनिंगची बैठक ही जागा आहे, आणि तिथे सगळ्यात कनिष्ठ मुलानेही बोलावं.

तुम्ही फोन करत राहा. जेवलास का, हेच विचारा.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्क्रम मास्टरचं (टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणाऱ्याचं) सर्टिफिकेट केलं तर नोकरी मिळेल का?

उत्तर: फ्रेशरला त्यावर स्क्रम मास्टर कोणी करत नाही, म्हणून कर्ज काढून दोन दिवसांचा कोर्स करू नका. स्क्रम गाइड मोफत मिळतं, पंधरा पानांच्या आतलं आहे, एका संध्याकाळी वाचून होईल. मग चार मित्र मिळून कॉलेजच्या मेससाठी हजेरीचं एखादं छोटं अ‍ॅप करा, दर आठवड्याला मेसवाल्या काकांना वापरायला द्या आणि ते काय म्हणाले ते तारखेसकट लिहून ठेवा. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.