भाषेचं विचारा: 'हॅव'ला मराठीत एकच शब्द का नाही?

प्रश्न: सर नमस्कार, मी देगलूर तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. 'हॅव' शिकवताना दरवर्षी तोच घोळ होतो बघा, लेकरं "टू मी टू सिस्टर्स आर" लिहितात नाहीतर "माय निअर टेन रुपीज" लिहितात. मी 'हॅव म्हणजे जवळ असणे' असं पाठ करून घेते तरी फरक पडत नाही. बऱ्याच लेकरांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळं होतंय का हे?
(एक शिक्षिका, ता. देगलूर)

उत्तर: मॅडम, तेलुगूचा यात काहीच दोष नाही. घोळ त्या 'जवळ असणे'मधे आहे, तेवढं पाठांतर आधी बंद करा अशी माझी विनंती आहे.

मराठीत 'हॅव'साठी एक क्रियापद नाहीच. आपण 'असणे' घेतो आणि बाकी सगळं काम प्रत्ययावर सोडतो. आता "मला दोन बहिणी आहेत" म्हणा आणि मग "माझ्याकडं दोन बहिणी आहेत" म्हणा. दुसरं ऐकलं की समोरचा लगेच विचारणार, कधी आल्या, किती दिवस राहणार? म्हणजे नात्याला 'मला', आणि हातातल्या, खिशातल्या, घरी आलेल्या गोष्टीला 'माझ्याकडं', 'माझ्यापाशी'. "मला पेन आहे" कुणीच म्हणत नाही. गाईला शिंगं असतात, टेबलाला चार पाय असतात, ते अंगाचेच भाग म्हणून तिथं 'ला'. ताप असला तर "मला ताप आहे", पण धमक असली तर "तिच्यात धमक आहे". आणि शेतीचं बघा, "त्याला दहा एकर आहे" म्हटलं की सातबारा त्याच्या नावावर, पण "त्याच्याकडं दहा एकर आहे" म्हटलं तर बटईनं केलेली असली तरी चालतं. एवढा बारीक फरक आपण एका प्रत्ययात सांगतो, आणि सातवीचं लेकरू न शिकवता सांगतं! इंग्रजीत हे सगळं एका 'हॅव'मधे कोंबलेलं आहे.

आता तुमच्या तेलुगूवाल्या लेकरांकडं या. तेलुगूत "नाकु इद्दरु अक्कलु उन्नारु" म्हणजे अगदी आपलंच "मला दोन बहिणी आहेत", मोठ्या बहिणी एवढाच फरक. पैसे असले की "ना दग्गर डब्बु उंदि", दग्गर म्हणजे जवळ. उदगीरच्या पलीकडं कन्नडमधे जा, "ननगे इब्बरु अक्कंदिरु इद्दारे" आणि "नन्न हत्तिर दुड्डु इदे", तिथंही तीच विभागणी. हिंदीत मात्र "मेरी दो बहनें हैं" होतं, तिथं 'मुझे' चालत नाही. म्हणजे या एका बाबतीत आपली मराठी हिंदीपेक्षा तेलुगू-कन्नडच्या जास्त जवळ बसते, आणि सीमेवरच्या वर्गात हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवायला मिळतं ही केवढी मोठी सोय आहे, ती वापरा मॅडम.

आणि लेकरांना हेही सांगा की त्यांची वाक्यं येडपटासारखी नाहीत. रशियन माणूस "माझ्यापाशी पैसे आहेत" असंच म्हणतो, आणि बहीण, ताप सगळ्यालाच 'माझ्यापाशी' लावतो. तुर्कीत "माझ्या दोन बहिणी आहेत" अशी रचना होते. संस्कृतातसुद्धा "मम पुत्राः सन्ति", तिथंही 'हॅव'सारखं रोजचं क्रियापद नाही. आपल्याकडं 'बाळगणे' आहे म्हणा, पण ते शस्त्र बाळगणे, आशा बाळगणे एवढ्यापुरतंच, बहीण कुणी बाळगत नाही.

'हॅव'वाल्या भाषांचंही आपसात जमत नाही. भूक लागली तर जर्मन माणूस "इश हाबे हुंगर" म्हणतो, म्हणजे त्याच्याकडं भूक 'असते', स्पॅनिशमधे "तेंगो आम्ब्रे", तेही तसंच, पण इंग्रज "आय अ‍ॅम हंग्री" म्हणून मोकळा होतो. फ्रेंच आणि स्पॅनिशमधे वयसुद्धा 'हॅव'नेच सांगतात, वीस वर्षांचा माणूस "माझ्याकडे 20 वर्षं आहेत" म्हणतो.

तर वर्गात अर्थ पाठ करून घेण्याऐवजी मराठी वाक्यं द्या, मला बहीण आहे, माझ्यापाशी पेन आहे, गाईला शिंगं आहेत, आणि विचारा की यातला मालक कोण, धनी कोण? तो धनी उचलून वाक्याच्या तोंडाशी आणायचा आणि त्याचा 'ला', 'कडं', 'पाशी' सोडून द्यायचा, मग 'हॅव' नाहीतर 'हॅज'. हे जमलं की "टू मी" आणि "माय निअर" दोन्ही सुटतात.

प्रश्न: "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" चूक का? सगळेच तर बोलतात.
(एक वाचक, परभणी)

उत्तर: बोलतात खरं, आपल्या देशातल्या बोली इंग्रजीत ते रुळलंय, पण परीक्षेत आणि इंटरव्ह्यूत टाळा. भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नाही, म्हणून 'इंग' लागत नाही. "हॅविंग लंच" बरोबर, कारण तिथं 'हॅव' म्हणजे जेवणं. मराठीत करून बघायचं, "जेवतोय" जमतं, "मला दोन भाऊ असतायत" जमत नाही.

प्रश्न: सर मी बारावीला आहे. "आय हॅव अ पेन" मधे मालकी आणि "आय हॅव टू गो" मधे सक्ती, एकाच शब्दात हे दोन कसे काय?
(एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: खूप छान प्रश्न विचारलास. जुन्या इंग्रजीत रचना अशी होती की माझ्याकडं एक पत्र आहे, लिहायचं असलेलं. हळूहळू 'हॅव' आणि 'टू' जवळ आले, आणि हातात असलेलं काम करावंच लागणारं काम झालं. स्पॅनिशमधे 'तेनेर के' तसंच आहे, तेनेर म्हणजे मुळात धरणं. आता मराठी बघ, "मला बहीण आहे" आणि "मला पत्र लिहायचं आहे", दोन्हीकडं 'मला' आणि 'आहे'. आपली भाषाही स्वतःच्या वाटेनं तिथंच पोचलीय. सक्ती जास्त असली की मात्र आपण 'लागतं' आणतो, मला जावं लागतं.

प्रश्न: इंग्रजी 'हॅव' लॅटिन 'हाबेरे'वरून आला ना?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: नाही. दिसायला सारखे आहेत, अर्थही तोच आहे, पण नातं नाही. लॅटिनमधल्या 'क'च्या जागी इंग्रजीत 'ह' येतो, केंटुमचा हंड्रेड, कॉर्नूचा हॉर्न (आपलं शृंग, शिंग त्याच घराण्यातलं), हा नियम याकोब ग्रिमनं 1822 मधे मांडला, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो. त्या नियमानं 'हॅव'चा लॅटिन भाऊ निघतो 'कापेरे', म्हणजे पकडणं, ज्यावरून कॅप्चर आला. आणि 'हाबेरे'चं नातं चक्क 'गिव्ह'शी, म्हणजे देण्याशी जोडतात.