हळू उठणारा माणूस

लेका,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा पिताना ऐकला. सात मिनिटांचा, आणि त्यातली तीन मिनिटं तर मॅनेजरला नुसत्या शिव्या. फोन केला असता तर तू मधेमधे तोडणार, मग मी पण चिडणार, म्हणून लिहूनच पाठवतोय. टायपिंगच्या चुका सांभाळून घे.

म्हणजे भानगड अशी की पावसामुळं शूटिंग लांबलं, तारखा नेमक्या कॅम्पवर आल्या आणि टीमवाले म्हणतायत सोमवारपर्यंत ये, नाहीतर येऊच नको. ऐकता ऐकता मला हसूच फुटलं, तुझ्यावर नाही रे, तर हीच गोष्ट अगदी पावसासकट १९६६ साली एका माणसाच्या बाबतीत होऊन गेलीय म्हणून. अमेरिकेतल्या ज्या क्लीव्हलंडमध्ये मी एकोणीस वर्षं नोकरी केली तिथं आजही त्याचं नाव काढलं की म्हातारी माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात.

जिम ब्राऊन. अमेरिकन फुटबॉलवाला. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेला माणूस, त्यामुळं चेंडू काखेत मारून पळायच्या खेळाला फुटबॉल म्हणायला पहिली दोन वर्षं माझी जीभ वळली नाही. तुला मात्र तो पटकन कळेल, कारण तू कबड्डीतला रेडर आहेस. चार प्रयत्नात दहा यार्ड पुढं सरकायचं, समोर अकरा जण तुला खाली पाडायला टपलेले, आणि ब्राऊनचं काम एकच, चेंडू घेऊन त्यांच्यात घुसायचं. प्रत्येक घुसण्याला त्याची सरासरी ५.२ यार्ड. हिशोब कर, दोनदा दिला की दहा यार्ड झाले, उरलेले दोन प्रयत्न लागलेच नाहीत. नऊ सीझन, ११८ मॅच, एकही चुकवली नाही, आणि सगळे मिळून १२,३१२ यार्ड, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर, तेही पावलापावलाला कुणीतरी कंबर धरायला असताना. मॅचमागे १०४ यार्डांची सरासरी पडते. अख्ख्या करिअरला शंभरच्या वर सरासरी आजपर्यंत दुसऱ्या कुणाला जमलेली नाही. (टीमचं नाव पण ब्राऊन्स, पण ते याच्यावरून नाही, पहिला कोच पॉल ब्राऊन याच्यावरून.)

मी त्याला खेळताना बघितलेलं नाही, मी तिथं पोचलो तेव्हा त्याला खेळ सोडून कैक वर्षं झालेली. पण आमच्या प्लांटमध्ये एक म्हातारा फोरमन होता त्यानं बघितलेलं, आणि त्यानं मला एकदा कँटीनमध्ये करून दाखवलं. धावण्याची नक्कल करेल असं मला वाटलं, तर त्यानं उठण्याची नक्कल केली. खुर्चीतून आधी एक हात टेबलावर, मग दुसरा, मग कंबर, मग मान, अगदी जड, आता हा कोसळतोय की काय असं वाटावं, आणि मग पाय ओढत ओढत कॉफीच्या मशीनपर्यंत. म्हणाला, प्रत्येक वेळी पाडल्यावर तो असाच उठायचा. मार लागला असला तरी असाच आणि नसला तरी असाच, म्हणजे समोरच्याला कधी कळायचंच नाही की खरंच कुठं दुखतंय. आणि पुढच्या चेंडूला परत सुसाट. हे उठणं लक्षात ठेव, त्याच्यावर मी परत येणारे.

तर १९६६. ब्राऊन तीस वर्षांचा, आदल्याच सीझनचा लीगचा सगळ्यात भारी खेळाडू, त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ ला, टीमला चॅम्पियन केलेलं. उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये 'द डर्टी डझन' या सिनेमाचं शूटिंग करत होता. पाऊस लागला, शूटिंग लांबलं, इकडं टीमचा कॅम्प सुरू व्हायची वेळ झाली. मालक आर्ट मॉडेलनं जाहीर केलं की कॅम्पला येणार नाही तितक्या दिवसांचा दंड लावणार. ब्राऊननं काय केलं, तर सेटवरच, सिनेमातल्या सोल्जरच्या कपड्यात, पत्रकारांना सांगितलं की मी खेळ सोडला. मालकाला पत्र पण लिहिलं, त्यात आदळआपट नाही, शांतपणे, की आता परत येणार नाही. संपला विषय.

आता तू म्हणशील, बघा काका, तोच तर म्हणतोय मी, तोंडावर फेकतो राजीनामा. थांब जरा. तुला दिसतोय तो एक दिवस, त्याच्यामागं काय होतं ते बघ. त्याचा पहिला सिनेमा १९६४ चा, म्हणजे खेळत असतानाच दोन वर्षं आधी पाय टाकून पाहिलेला. आणि १९६६ मध्येच त्यानं काळ्या लोकांच्या धंद्यांना भांडवल आणि सल्ला मिळवून द्यायला एक संस्था काढली, नीग्रो इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक युनियन, नंतर तिचं नाव ब्लॅक इकॉनॉमिक युनियन झालं. त्याचं म्हणणं साधं होतं, मोर्चे काढा पण गल्ला पण आपल्या हातात पाहिजे. तुझ्याकडं सध्या एक रोल आहे, हिरोच्या मित्राचा, आणि रिलीजची तारीख नाही. फरक आहे ना?

अॅक्टर म्हणून खरं सांगू, ठीकठाक. चेहरा दगडासारखा, पण पडद्यावर उभा राहिला की बाकीचे बारके दिसायचे. १९६९ च्या 'हंड्रेड रायफल्स'मध्ये काळा हिरो आणि गोरी हिरॉइन, रॅकेल वेल्श, यांचा प्रेमाचा सीन होता, त्या काळच्या अमेरिकेत केवढा गहजब झाला असेल विचार कर. त्याच्यासारख्या माणसाला हाणामारीचा हिरो म्हणून मोठ्या स्टुडिओनं घेणं हेच नवीन होतं. पुढं रोल आटले, तेही खरं.

ती वर्गणीची गोष्ट तर तुला कधीची सांगायचीय. ब्राऊन जॉर्जियातल्या एका बेटावर जन्मला, पणजीनं सांभाळला, आठ वर्षांचा असताना न्यूयॉर्कजवळ मॅनहॅसेटला आईकडं गेला, आई तिथं लोकांच्या घरी कामाला. शाळेत सगळेच खेळ खेळायचा. सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत गेला तेव्हा त्याला वाटत होतं आपल्याला स्कॉलरशिप मिळालीय, आणि प्रत्यक्षात गावातल्या केनेथ मोलॉय नावाच्या वकिलानं ओळखीच्या लोकांकडून पैसे गोळा करून पहिल्या वर्षाची फी भरली होती, पोराला पत्ताच नाही. तुझ्या पहिल्या मॅटच्या बुटांचे पैसे तालमीनं काढले होते ते तुला माहीत आहे तरी, त्याला ते फार उशिरा कळलं.

आता जून १९६७. महंमद अलीनं व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात जायला नकार दिलेला, बॉक्सिंगचं टायटल काढून घेतलेलं, अख्खा देश त्याच्या अंगावर. ४ जूनला ब्राऊननं आपल्या त्या संस्थेच्या क्लीव्हलंडच्या ऑफिसात देशातले मोठे काळे खेळाडू बोलावले. फोटो बघ, मिळेल तुला. पुढं टेबलाशी चौघं, बास्केटबॉलवाला बिल रसेल, अली, ब्राऊन, आणि टोकाला एक वीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा ल्यू अल्सिंडोर, जो पुढं बास्केटबॉलचा करीम अब्दुल-जब्बार झाला. मागं उभे राहिलेल्यात कार्ल स्टोक्स, जो त्याच वर्षी क्लीव्हलंडचा महापौर म्हणून निवडून आला. फोटो बघून वाटतं सगळे अलीच्या बाजूनं ठरवूनच आले होते, तसं काही नव्हतं. त्यातले काही जण स्वतः सैन्यात जाऊन आलेले, त्यांनी अलीला काही तास अक्षरशः सोलून काढला, हा खरंच श्रद्धेनं नाही म्हणतोय की नाटक करतोय. अली हलला नाही, मग बाहेर येऊन सगळे त्याच्या शेजारी बसले. आणि हे पण सांगतो, अलीच्या फाइट्सचं प्रक्षेपण विकायला १९६६ ला जी कंपनी निघाली होती तिच्यात ब्राऊनचा स्वतःचा हिस्सा होता, म्हणजे अली परत रिंगमध्ये उतरला असता तर त्याच्याही खिशात पडलं असतं. तरी तो शेवटी अलीच्या नकाराशेजारी बसला. सोळाच दिवसांत अलीला पाच वर्षांची शिक्षा झाली, ती १९७१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली. मला विचारशील तर त्या सव्वाअकरा किलोमीटरपेक्षा मला हा एक दिवस मोठा वाटतो, आणि वर्षापूर्वी खेळ सोडला नसता तर डोक्यावर मालक असताना तो हे इतक्या मोकळेपणानं करू शकला असता का, मला शंका आहे.

इथवर सांगून थांबलो तर तू पोस्टर लावशील त्याचं, म्हणून पुढचं पण ऐक.

बायकांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर एकदा नाही, कैक वर्षं होत राहिले. बहुतेक केस उभ्या राहिल्या नाहीत किंवा तो सुटला. गोल्फ खेळताना जोडीदाराला मारलं म्हणून एक दिवस जेल झाली. १९९९ ला बायकोच्या गाडीच्या काचा फावड्यानं फोडल्या, त्यात दोषी ठरला, कोर्टानं सांगितलं काउन्सेलिंग घे, समाजसेवा कर. यानं नाही म्हटलं. आणि २००२ मध्ये, छासष्टाव्या वर्षी, काही महिने तुरुंगात जाऊन बसला, पण काउन्सेलरसमोर बसला नाही. आता गंमत बघ, हाच माणूस १९८८ पासून अमेर-आय-कॅन नावाची संस्था चालवत होता, लॉस एंजेलिसच्या गँगमधली पोरं, तुरुंगातली पोरं, त्यांना स्वतःला आवरायचं कसं हे शिकवायला. दुश्मन गँगची पोरं त्याच्या घरी एका खोलीत बसून बोलायची, एरवी ती रस्त्यावर एकमेकांना गोळ्या घालत होती. ते काम खरं होतं. आणि फावडं पण खरं होतं. मी बरीच वर्षं यातलं एक सांगायचो आणि दुसरं गाळायचो. एकदा माझ्या मुलीनं जेवताना सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली बाबा, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. काय बोलणार?

मला त्याचं ते उठणंच आठवतं. कुठं दुखतंय ते कुणाला कळू द्यायचं नाही, हे अकरा जण अंगावर येतात तिथं ठीक आहे, मालकाशी बोलणी करताना तर सोन्यासारखं. तेच घरात चालवलं की समोरची माणसं पण दुसऱ्या टीमची वाटायला लागतात.

आणि खेळ सोडला म्हणून सुटला का? १९८३ ला, सत्तेचाळीस वर्षांचा असताना, त्याचा सगळ्यात जास्त यार्डांचा रेकॉर्ड फ्रँको हॅरिस नावाचा खेळाडू मोडायच्या बेतात आला, तर हा म्हणे मी परत उतरतो. रेकॉर्ड शेवटी १९८४ ला वॉल्टर पेटननं मोडला, तरी १९८५ ला टीव्हीवर हॅरिसबरोबर चाळीस यार्डांची शर्यत लावलीच, मांडीचा स्नायू धरला आणि हरला. योग्य वेळी सोडलेल्या माणसाची ही गत. त्यामुळं आत्ता सोडलं की डोकं शांत होईल, या भ्रमात राहू नको. मे २०२३ मध्ये गेला तो, ८७ व्या वर्षी.

तर आता सोमवारचं. मॅनेजरला मेसेज टाकू नकोस, जाऊन भेट, शूटिंगचे नेमके किती दिवस ते कागदावर घेऊन जा, आणि आठ दिवस मागून बघ. नाही म्हणाला तर मग तुझं तू ठरव, सिनेमा घेतलास तरी मी तोंड वाकडं करणार नाही. सिनेमावाल्यांचं कॉन्ट्रॅक्ट फोटो काढून मला पाठव, सगळी पानं, सहीचं पण.

आणखी एक. तुझी आई परवा भेटली मंडईत, म्हणाली पोरगं हल्ली जिना एकेक पायरी करून उतरतं, विचारलं तर म्हणतं मोबाईल बघत होतो. मी पण एक अख्खा सीझन गुडघ्याला पट्टी बांधून आणि वरून ट्रॅकपँट चढवून काढलाय, कोचला सांगितलं नाही, आता वज्रासनात बसता येत नाही. सात मिनिटांत तू मॅनेजर, प्रोड्युसर, पाऊस, सगळं बोललास, गुडघ्याचं एक अक्षर नाही. एमआरआय काढलास का? काढला असलास तर रिपोर्ट पण त्याच फोटोंबरोबर पाठव.

काका