ट्यूब अ‍ॅम्पचा गढूळ आवाज सुधारण्यासाठी कोणत्या कंपनीच्या ट्यूब घ्याव्यात?

घरी बांधलेला आपला गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प (निर्वात काचनळ्यांवर चालणारा) गेन, म्हणजे संकेताची वाढ, वाढवला की गढूळ वाजतो, तेव्हा कोणत्या कंपनीच्या ट्यूब घ्याव्यात, असे आपण विचारले आहे. कोणत्याही घेऊ नयेत. याच प्रश्नावरून माझा आणि माझ्या मेहुण्याचा वाद कित्येक वर्षे चालू आहे.

मी फेंडर कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पच्या 5एफ6-ए या सर्किटवरून अ‍ॅम्प बांधला होता आणि गेन वाढावा म्हणून त्याच्या आधी 12एएक्स7 ट्यूबचा एक टप्पा जोडला होता. त्या टप्प्यातल्या ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) मी फेंडरच्या रिवाजाप्रमाणे 1.5 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. हळू वाजवताना आवाज देखणा होता, पण व्हॉल्यूम चढवला की सहाव्या तारेवरचा पॉवर कॉर्ड म्हणजे निव्वळ चिखल. मेहुण्याने दोष नव्या ट्यूबना दिला आणि जुन्या इंग्लिश ट्यूब मागवल्या, ज्यांच्या किमतीत दुसरी गिटार आली असती. चिखल तसाच राहिला. मग त्याने बेसचा नॉब शून्यावर नेला, तेव्हा आवाज किरटा झाला, पण गढूळपणा हटला नाही.

हटणार कसा? या सर्किटमध्ये बेससारखे टोन कंट्रोल प्रीअ‍ॅम्पच्या टप्प्यांनंतर येतात, त्यामुळे तिथे खर्ज कमी करणे म्हणजे वरातीमागून घोडे. खर्जाचे मोठे आंदोलन ट्यूबला तिच्या मर्यादेबाहेर ढकलते, तेव्हा त्यावर स्वार झालेले वरचे स्वरही त्याच्याबरोबर कापले जातात. शिवाय पुढच्या ट्यूबच्या ग्रिडमधून (संकेत जिथे दिला जातो त्या जाळीतून) प्रवाह वाहू लागला की दोन टप्प्यांना जोडणारा कपलिंग कपॅसिटर भारित होतो, बायस (ट्यूबचा स्थिर कार्यबिंदू) सरकतो आणि तो भार ओसरेपर्यंत ट्यूब जवळजवळ बंद राहते. जोरदार आघातानंतर आवाज घुसमटतो तो यामुळेच.

म्हणून खर्ज आधीच, त्या पहिल्या टप्प्यातच कमी करायला हवा; कॅथोडचा कपॅसिटर जितका लहान, तितका खर्जाला गेन कमी. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 0.68 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला आणि 25 च्या जागी बसवला. 82 हर्ट्झच्या मोकळ्या सहाव्या तारेला आधी पूर्ण गेन मिळत होता, तो आता निम्म्याच्या थोडा वर राहिला. 600 हर्ट्झच्या पुढे तो जवळजवळ अबाधित होता. चिखल गेला. यात माझी हुशारी काही नाही. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानासाठी पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला तो याच बासमनवरून, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ब्राइट चॅनेलच्या (जास्त चमकदार आवाजाच्या इनपुटच्या) कॅथोडला 2.7 किलोओहम व 0.68 मायक्रोफॅरडची जोडी आली, जिचा त्या धारदार आवाजात मोठा वाटा आहे.

ट्यूबचा प्रकार मात्र महत्त्वाचा असतो, हे मान्य करायला हवे. बासमनमध्ये पहिली ट्यूब 12एवाय7 होती, जिचा वर्धनांक (ट्यूब संकेत जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते तो आकडा) 44 च्या आसपास असतो. मार्शलने तिथे ईसीसी83 (12एएक्स7 चेच युरोपी नाव) घातली, जिचा 100 असतो. तसेच एखादी ट्यूब खरोखर खराब झालेली किंवा टिचकी मारताच वाजणारी असेल, तर ती बदलावीच लागते. आणखी एक, अ‍ॅम्प बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या वर भार शिल्लक असू शकतो, तेव्हा तो उतरवून मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये.

त्या इंग्लिश ट्यूब अजून त्याच अ‍ॅम्पमध्ये आहेत. त्या काढून साध्या ट्यूब लावून ऐकवण्याची माझी तयारी आहे, पण जुन्या ट्यूब मुरायला वेळ लागतो आणि त्या आता मुरल्या आहेत, असे सांगून मेहुणा ते टाळतो.